बाहेरची बाजू

कराडला आमच्या शेजारी लष्करातले एक निवृत्त हवालदार राहत. घरावर मजला चढवायला आणलेल्या त्यांच्या वाळूनं आणि विटांनी सगळा फुटपाथ अडला होता. अंगणात जागा होती, पण तिथं त्यांची वांगी होती. म्हणून लोकांनी उसाच्या ट्रॅक्टरांमधून चालायचं!

हे त्यांनाही सलत असावं. ढिगाशेजारी खुर्ची टाकून ते बसत आणि कुणी आलं की काठी घेऊन उठत. मी शाळेत शिकवायला निघाले की हमखास म्हणत, "आत व्हा, बाई. भायेरनं मी चालतो. वाळू माझी, तवा ड्यूटीबी माझीच."

एकाहत्तरच्या लढाईत तोफेच्या आवाजानं त्यांचा उजवा कान गेला होता, हे मला त्यांच्या पत्नीनं सांगितलं. शाळेकडे जाताना रस्ता नेमका उजवीकडे. तेव्हापासून त्यांच्याबरोबर चालताना मीच सारखी मागं बघे.

एका सकाळी मागून हॉर्न वाजला. वाजतच राहिला. हवालदार आपल्या वांग्यांबद्दल बोलत होते. मी बाही धरून त्यांना वाळूवर ओढलं. ट्रॉलीबाहेर आलेला ऊस त्यांच्या खांद्याला घासून गेला.

मी त्यांची बाही अजून घट्ट धरून होते, ते पाहून ते हसले.

"भ्यायचं न्हाई, बाई. मी हाय न्हवं!"