माठ पारखावा तसा स्पीकर

मंडळी, इंटरनेटसाठी घरच्या फोनची लाइन अडवून हे लिहितोय, कारण डोकं अजून तापलेलंच आहे.

आज कॉम्प्युटरसाठी स्वस्तातले स्पीकर घ्यायला आईसोबत डोंबिवलीतल्या एका दुकानात गेलेलो. खोक्यावर छापलेलं, तीनशे वॅट. मुठीएवढा डबा आणि तीनशे वॅट? मला तिथेच शंका आली. पण दुकानदाराने गाणं लावलं, आणि आवाज इतका भरदार की माझा हात खिशाकडे गेलाच.

"थांब रे," आई म्हणाली. ती माठसुद्धा टिचकी मारून, कानाशी धरून घेते. तिने दोन्ही स्पीकर उचलले.

"मावशी, हात नका लावू!" दुकानदार ओरडला.

तोवर दोन्हींच्या तारा निसटल्या होत्या. गाणं मात्र जोरात चालूच!

आईने वाकून पाहिलं. काउंटरखाली भलामोठा डेक वाजत होता.

"आवाज छान आहे हो," ती म्हणाली. "मग हाच बांधून देताय ना?"

"साहेब, डेमो सगळीकडे असाच देतात," दुकानदार मला म्हणाला.

तेव्हापासून मला सगळ्यांचाच संशय येतोय. ठाणे-कल्याणकरांनो, तार काढल्यावर गाणं बंद पडतं, असं एखादं दुकान आहे का तुमच्याकडे?