केळीच्या चिकाचा एपिसोड

गुप्तहेराच्या त्या मालिकेसाठी मी दोन वर्षं लिहिलं. त्यातले तीन एपिसोड खरोखर चांगले होते, आणि सगळ्यात चांगला केळीच्या चिकाचा.

मालिकेचा मुख्य लेखक धुळ्याचा. कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेत ओळख झाली, तेव्हापासून मी त्याला भाऊ म्हणायचे. जळगावला आला की तो आमच्याकडेच जेवायचा. मुंबईत जम बसल्यावर त्यानं विचारलं, "घरूनच लिहिशील? माझ्या नावाखाली तुझं नाव येईल." मी हो म्हटलं. कागदावर काही केलं नाही. भावाशी कसला करार?

त्या एपिसोडमध्ये कुणीतरी एकाची घडावर आलेली केळीची बाग कापून टाकतं. संशय शेजाऱ्यावर जातो. तपास करणारी बाई गावभर दोरीवर वाळणारे कपडे बघत फिरते, आणि बागवाल्याच्या सख्ख्या भावाच्या सदऱ्यावर तिला काळपट डाग सापडतात. केळीचा चीक धुऊन जात नाही. हे मला ठाऊक होतं, कारण असोद्याला मामाच्या बागेत खेळताना माझा पांढरा फ्रॉक असाच वाया गेला होता. तो हातात धरून आई म्हणाली होती, "हा डाग आता तुह्या लग्नापर्यंत टिकीन." एकदा जेवताना ही गोष्ट मी भाऊला सांगितली. तो हसला आणि म्हणाला, "यावरच लिही."

एपिसोड लोकांना फार आवडला. नावांच्या पट्टीत मात्र मी नव्हते. फोन केला तर म्हणाला, "चॅनेलवाल्यांची चूक. पुढच्या वेळी बघतो." मी विश्वास ठेवला.

पुढे धुळ्यात त्याचा सत्कार ठरला. आईला घेऊन मी हौसेनं गेले. मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, "तुमचा सगळ्यात आवडता एपिसोड?" भाऊनं चिकाचं नाव घेतलं. मग त्यानं लहानपणचा एक पांढरा सदरा सांगितला, केळीची बाग सांगितली आणि स्वतःच्या आईचं बोलणं म्हणून माझ्या आईचं वाक्य ऐकवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याचे वडील कचेरीत कारकून होते. बाग त्यांच्या घरात कुणाचीच नव्हती.

आई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "हे तं मी तुले म्हनलेलं व."

कार्यक्रम संपल्यावर तो आईच्या पाया पडायला वाकला. आईनं पाय मागे घेतले. मी विचारलं, "भाऊ, एपिसोड घेतलास ते घेतलास. माझी आई कशाला घेतलीस?"

"अगं, मुलाखतीत असं बोलावं लागतं," तो म्हणाला. "लोकांना लेखकाचं स्वतःचं काहीतरी हवं असतं."

एवढं बोलून तो फोटोसाठी गेला.

आम्ही एसटीनं घरी परतलो. लिहून झालेले दोन एपिसोड मी त्याला पाठवले नाहीत. त्याचे चार-पाच फोन आले, मग थांबले. मालिका अजून चालू आहे, माझ्याशिवाय बरी चालते. मी आता दुसऱ्या एका मालिकेसाठी लिहिते, करार करून, स्वतःच्या नावानं. पण घरातलं काही कुणाला सांगायला गेले की अर्ध्यावर गप्प होते, आणि समोरच्याला वाटतं, मी विसरले.