रुपया वाजवून घेणे

लग्नानंतर नाशिकच्या दैनिकातली जिल्हा डेस्कची नोकरी सोडून मी सिल्वासाला आले. नवरा नरोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात इंजिनिअर होता. आम्ही डोकमर्डीत भाड्याने राहत होतो. ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. जुन्या संपादकांनी रविवारच्या पुरवणीसाठी लेख मागितला होता: चांदीच्या जुन्या रुपयाची आज किंमत काय, आणि ती ठरते कशी. माझ्याकडे आईने दिलेले अकरा रुपये होते. ते घेऊन मी बाजारातल्या एका सोनाराकडे गेले.

सोनार साठीचे होते, मूळचे नंदुरबारचे. दुकान एका खोलीचं. ते गादीवर रस्त्याकडे तोंड करून बसत. त्यांच्या मागे, आतल्या दाराशी, चटईवर त्यांची बायको कापसाच्या वाती वळत असे. मी आल्याचं कारण सांगितल्यावर ती म्हणाली, "पेपरवाली आली, अहो. दाढी तरी करायची होती सकाळी."

सोनारकाका हसले नाहीत. मी तेच कारण पुन्हा त्यांच्यासमोर जाऊन सांगितलं, तेव्हा म्हणाले, "रुपया खोटं बोलत नाही, ताई. पेपरचं मला माहीत नाही."

त्या दिवशी एवढं कळलं. आजूबाजूच्या गावांतल्या बायका गळ्यात रुपयांचे हार घालतात. राणीचे, राजाचे, काही पोर्तुगीजांच्या वेळचे. पिढ्यान्‌पिढ्या घासून त्यांच्यावरचा चेहरा जातो, सालही जातं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या रुपयात चांदी निम्मीच असते, पण गुळगुळीत झाल्यावर तो जुन्या रुपयासारखाच दिसतो, आणि वजनही जवळपास तेवढंच भरतं. म्हणून रुपया वाजवून घ्यायचा. आधी हारात ओवण्यासाठी त्याला डाग देऊन जोडलेली कडी कापायची, कारण कडीसकट नाणं वाजत नाही. मग ते बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या रुपयाने हलकी टिचकी द्यायची. पुऱ्या चांदीचा आवाज रेंगाळतो. निम्म्या चांदीचा लवकर बसतो.

माझ्या अकरांपैकी नऊ पुरे निघाले, दोन निम्मे.

लेखासाठी मी आणखी तीन दुपारी तिथे बसले. वहीत वेळ लिहायची सवय होती, म्हणून एक गोष्ट लक्षात आली. काका नाणं कानाशी नेत, पण डोळे समोरच्या आरशावर ठेवत. दागिना घालून बघायला गिऱ्हाइकासाठी ठेवलेला तो छोटा आरसा होता, पण त्याचं तोंड कायम काकांकडेच असे. गिऱ्हाइकाला तो दरवेळी वळवून घ्यावा लागे, आणि काका तो दरवेळी परत फिरवत. आरशात चटई दिसायची. नाणं पुरं असेल तर काकूंचा हात मांडीवर वात वळतच राही. नाणं निम्मं असेल तर हात थांबे. तीन दुपारींत हे मी सोळा वेळा पाहिलं. एकदाही चुकलं नाही.

 माझ्या लक्षात आलंय हे काकूंना कळलं. दाराशी निरोप देताना म्हणाल्या, "चार वर्षं झाली, पोरी, यांना बारीक नाद ऐकू येत नाही. लोकांना कळलं तर त्याच दिवशी सगळी गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जातील. तेही चालेल एकवेळ. पण यांनी आयुष्यात चांगल्या रुपयाला खोटा म्हटलेलं नाही. तसं एकदा झालं, तर ते जेवणार नाहीत."

लेख मी लिहायला घेतला होता, पण सुरुवात जमत नव्हती. आठवडाभराने कडी कापायच्या कातरीचं नाव विचारायला पुन्हा गेले. चटई रिकामी होती. थोरल्या लेकीचं बाळंतपण होतं, काकू पहाटेच्या एस.टी.ने नंदुरबारला गेल्या होत्या. काकांनी मी न विचारताच सांगितलं, "आठ दिवस जुन्या चांदीची, मोडीची खरेदी बंद. मुहूर्त नाही."

तेवढ्यात अथालहून एक बाई आल्या. पदराच्या गाठीत नऊ रुपये होते. कड्या त्यांनी घरीच मोडून आणल्या होत्या, आणि चिंच लावून नाणी घासूनही. त्यामुळे जे थोडं साल उरलं असेल तेही गेलं होतं.

"सोनीकाका, एवढं बघा नं."

"बाई, आठ दिवसांनी या."

"आठ दिवसांनी काय करू? गुरुवारी लगीन हाय पोरीचं. तिला तोरड्या पायजेत."

"समोर जा ना मग."

"समोरचा तागडीत टाकतो नि पैसे फेकतो. तुम्ही कानाला लावता. माझ्या आयसलाबी तुम्हीच बघून दिले होते." त्या पायरीवर बसल्या. उठायचं चिन्ह नव्हतं.

काकांनी गाठ सोडली. पहिला रुपया बोटावर घेतला, टिचकी दिली, कानाशी नेला. नजर सवयीने आरशात गेली आणि तिथेच राहिली. रुपयाचा आवाज दुकानभर फिरला, मग विरला. मी ऐकला. बाईंनीही ऐकला असेल. काकांनी पुन्हा टिचकी दिली. कपाळावर घाम दिसत होता. बाई वर बघत होत्या, अगदी शांतपणे, त्यांना घाई नव्हती.

मी चपला काढून आत गेले आणि चटईवर बसले. डब्यातला कापूस घेतला. वाती मला कधीच नीट जमल्या नाहीत. पहिली सुटली, दुसरी दोरीसारखी जाड झाली. पण हात हलता ठेवला. आरशात काकांचे डोळे क्षणभर माझ्या डोळ्यांना भेटले, मग खाली हातावर गेले.

"हा पुरा," ते म्हणाले.

दुसरा पुरा, तिसरा पुरा. सातवा लवकर बसला. माझी खात्री होत नव्हती, म्हणून हात अर्धवट थांबला. काकांनी तीच टिचकी पुन्हा दिली. या वेळी मी हात मांडीवर ठेवून दिला.

"बाई, हा निम्मा आहे. याचे निम्मेच मिळतील."

बाईंनी तो रुपया हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "हा सासूकडचा," म्हणाल्या. "मला वाटलंच होतं." आणि स्वतःच मोठ्याने हसल्या. जाताना मला म्हणाल्या, "तू सून का यांची? कान बघ कसा आहे म्हाताऱ्याचा. माझी आय सांगायची."

काका तागडी पुसत होते.  कातरीचं नाव विचारायचं राहून गेलं.

काकू दहा दिवसांनी परत आल्या. मी भेटायला गेले, तेव्हा त्या डब्यातली एक वात चिमटीत धरून उजेडात बघत होत्या. "ही काय वात आहे? देवसुद्धा विचारील, हे काय लावलं म्हणून." मग कापसाचा डबा माझ्याकडे सरकवला. "बस. माघात धाकटीचे दिवस भरतील, तेव्हा महिनाभर जावं लागेल मला. तोवर वाती शिक."

त्यांनी माझेच अकरा रुपये मागितले, मला डोळे मिटायला लावले आणि एकेक वाजवला. चुकले की मांडीवर चापट मारत. काका गादीवर आमच्याकडे पाठ करून बसले होते. मी काकूंपेक्षा बरीच उंच. आरशात माझे हात नीट येत नसावेत.

काकांनी मागे वळून पाहिलं नाही. हात लांब करून आरसा थोडा तिरपा केला, पाहिला, आणि अजून थोडा.

लेख पुढच्या रविवारी छापून आला. त्यात कड्या होत्या, युद्धकाळातला रुपया होता, चिंचेने न घासण्याचा सल्ला होता. वाती नव्हत्या.