आप्पांच्या सरपणातलं पाखरू

वांग्याच्या शेंड्यात आणि फळात जी अळी शिरते, तिचं पाखरू जेमतेम नखाएवढं असतं. पांढरे पंख, त्यांवर तपकिरी ठिपके, मधूनच गुलाबी झाक. बसलं की शेपूट वर उचलतं. हे सगळं मी सूड घ्यायचा म्हणून शिकलो.

नव्वदनंतरची गोष्ट. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात मी वांग्याची रोपं विकायचो. वाफे भाड्याच्या जमिनीत, पण गिऱ्हाईक मी स्वतः जोडलेलं. शेजारचे बागायतदार आप्पा एकदा भर बाजारात माझी जुडी उचलून म्हणाले, "आळी ह्याच्याच रोपातनं येती. घेऊ नका." लोकांनी हातातली रोपं खाली ठेवली. पुढच्या बाजारी माझ्यापाशी कुणी थांबलंच नाही.

मी भीमेपलीकडं केडगावला गेलो. तिथं माझं एकही रोप पोचलं नव्हतं, तरी वांग्यावर तेच पाखरू. मग ते येतं कुठून? वावराच्या कडेला एक म्हातारी गेल्या हंगामातली वाळकी वांग्याची झाडं चुलीसाठी मोडत होती. काड्यांना करडे कोष चिकटलेले. एक फोडला, तर आत जिवंत किडा.

"आजी, हे असं दरसाली रचता?"

"व्हय. फुकटचं जळाण. तुमच्यात न्हाई रचत?"

आमच्यात रचत होते. सगळ्यात मोठी रास आप्पांच्याच बांधावर होती.

तिथली एक मोळी मी न विचारता उचलली आणि मच्छरदाणीत बांधून ठेवली. आठवड्याभरात आत पांढरी पाखरं फडफडू लागली. मच्छरदाणी तशीच बाजारात टांगली. विचारेल त्याला सांगायचो, "आप्पांच्या सरपणातनं निघाल्यात. बांधावर जाऊन बघा."

लोक बघून आले. गिऱ्हाईक परतलं. आप्पांनी रास पेटवून दिली.

पुढच्या लागणीला रोपं फक्त माझ्याकडं शिल्लक होती. आप्पांनी गडी पाठवला. मी म्हणालो, "त्यांनाच येऊ दे. बाजारच्या दिवशी."

आले. हळूच म्हणाले, "चुकलं माझं."

"मागच्यांना ऐकू न्हाई आलं, आप्पा."

त्यांनी मोठ्यानं म्हटलं. मग मी सगळी रोपं त्यांच्या मागं उभ्या असलेल्या माणसाला दिली.

एवढं ताणायला नको होतं, असं घरचे म्हणतात. मला ते अजून कमीच वाटतं.