काऊन

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. आम्ही काही हौशी माणसं मराठी टायपिंगचं फुकट सॉफ्टवेअर बनवत होतो. सगळ्यांनी लिहिलेले तुकडे जोडून चालता प्रोग्राम तयार करायचं, म्हणजे बिल्डचं काम देवरीचा एक जण बघायचा. कोणी बदल पाठवला की त्याचं एका शब्दाचं ईमेल यायचं, "काऊन". काऊन म्हणजे का; बदल कशासाठी, एवढंच त्याला विचारायचं असे. पण प्रश्नचिन्ह टाकायचा त्याला भारी कंटाळा.

पुण्याच्या मंडळींनी मला विचारलं, "सर, काऊन म्हणजे काय हो?" त्याच्याशिवाय गोंदियाकडचा मी एकटाच. गंमत म्हणून लिहिलं, "आमच्याकडे मंजूर असलं की असं म्हणतात."

मग काय, त्याचं काऊन आलं की हे लोक बदल घुसवायचे. बिल्ड मोडायचं. तो ते दुरुस्त करत बसायचा आणि वैतागून लिहायचा, "काऊन काऊन काऊन". त्यावर पुण्याहून भरभरून आभार यायचे. शेवटी त्यानं काम सोडलं.

पुढे तो देवरीच्या बसस्टँडवर भेटला. म्हणाला, "सर, मी विचारू विचारू थकलो जी. ते थँक्यू कायले म्हणून राहिले होते?"

माफ कर, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "पुण्याची माणसं फार नम्र असतात."