ट्रिगरवर बोट नव्हतं

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी हातात रायफल घेतली, ती मुलीमुळे. सुट्टीतल्या नेमबाजीच्या शिबिराला तिला सोडायला जायचे आणि मागच्या बाकावर बसून राहायचे. दोन महिन्यांत तिला कंटाळा आला. मला आला नाही. मी नेरूळच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये सहायक आहे. काटा शून्यावर येतो की नाही, हे बघण्यात जिची वीस वर्षं गेली, तिला काळ्या वर्तुळाच्या मधोमध भोक पाडायचा नाद लागला तर त्यात नवल काय? सानपाड्याच्या आमच्या सोसायटीतल्या बायका लिफ्टमध्ये हसायच्या. हसू देत म्हटलं.

आधी दोन वर्षं हॉलमधली एअर रायफल. मग क्लबच्या उघड्या रेंजवर, पन्नास मीटरवर, खरी गोळी उडवणारी पॉइंट टू टू. ही रेंज खारघरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आहे. चटईवर पालथं पडून नेम धरायचा. या रायफलीचा ट्रिगर भलताच हलका. बोट नुसतं टेकवून मनात आणलं की सुटला. म्हणून पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यात भरवली जाते: नेम पक्का होईपर्यंत बोट ट्रिगरच्या कडीबाहेर, लाकडावर सरळ. आमचे सर फौजेतून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. ते म्हणायचे, "म्याडम, हत्यार कधी चुकत नाही. चुकतो तो माणूस." मी ते इमानाने वहीत लिहून घेतलं होतं.

राज्य स्पर्धेसाठी निवड चाचणी होती. पावसाळा नुकताच सरला होता, पण हवेतला दमटपणा गेला नव्हता. रेंजसमोर नव्या टॉवरचं काम चाललेलं. डंपर गेला की पिवळट धुरळा उठायचा आणि आमच्या चटयांवर येऊन बसायचा. माझी दहा गोळ्यांची मालिका चांगली चालली होती. पुढची गोळी घातली, बोल्ट, म्हणजे नळीमागची खिट्टी, पुढे ढकलून खाली दाबला आणि खांद्यात नीट बसावा म्हणून रायफलीचा दस्ता जरासा उचलून टेकवला.

गोळी सुटली.

टार्गेटच्या बऱ्याच खाली, मातीच्या बांधात घुसली. माझी नजर पहिल्यांदा माझ्या हाताकडे गेली. बोट लाकडावर होतं. सरळ.

"थांबा! सगळ्यांनी बोल्ट उघडा!" सर ओरडले. मग माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "बोट कुठं होतं?"

"बाहेर."

"मग गोळी कशी सुटली? आपोआप?"

"हो सर. आपोआप."

मागे कुणीतरी हसलं. मला चाचणीतून उठवलं.

दुसऱ्या दिवशी क्लबच्या सेक्रेटरींनी मला शस्त्रांच्या खोलीत बोलावलं. बंदुकांना गंज चढू नये म्हणून तिथे एसी दिवसरात्र चालू असतो. सरांनी माझ्यासमोर रिकामी रायफल घेतली, बोल्ट लावला, दस्ता टेबलावर आपटला. वीस वेळा. एकदाही काही झालं नाही.

"पाहिलंत?" सर म्हणाले.

सेक्रेटरींनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे गोळी सुटली, त्याबद्दल मी दिलगीर आहे.' खाली सहीची जागा.

"एक सही करा, विषय संपला. तुमचा तोवरचा स्कोअर चांगला आहे, लिस्टमध्ये नाव घालतो. काय टेन्शन नाय," ते म्हणाले.

"आणि नाही केली तर?"

"तर तीन महिने रेंजवर यायचं नाही."

ही रायफल क्लबची होती. आम्ही चौघं ती आळीपाळीने वापरायचो. मी विचारलं, "शनिवारी ही कोण घेणार?" खारघरच्या हॉस्टेलमधली एक मुलगी घेणार होती, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची. मी कागद तसाच टेबलावर ठेवला आणि निघाले.

घरी नवरा म्हणाला, "करून टाक ना सही. कोण वाचतंय?" तो वाईट माणूस नाही, त्याला शांतता आवडते. संध्याकाळी मी नेरूळ गावात आईकडे गेले. आई मिठागरात काम केलेली बाई. बंदूक तिने जन्मात पाहिली नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं, मासे साफ करता करता.

"कागुद वाचलास?"

"वाचला."

"माज्या बापानं जमिनीच्या कागदावर न वाचता आंगठा दिला व्हता. त्याला वाचता येत नव्हता. तुला येतंय. मग जे तू केलंच नाय, त्याच्यावर सही कशाला?"

बस्स, एवढंच बोलली आणि पुन्हा माशांकडे वळली.

शनिवारी सकाळी मी रेंजवर गेले. बंदी असूनही गेले. पहिल्या लेनच्या चटईशेजारची खुर्ची ओढून बसले. ती मुलगी जॅकेट चढवत होती. तिला मी सांगितलं, "या रायफलीतून माझ्या हातात गोळी आपोआप सुटली आहे. तुला कुणी सांगितलं का?"

तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सेक्रेटरी धावत आले. "मॅडम, तुम्हाला मनाई आहे. उठा."

"उठते. आधी ही रायफल इथे, या चटईवर, रिकामी तपासा. खोलीत नाही. जिथे सुटली तिथे."

"असं चालत नाय इथे. कमिटी ठरवणार."

"मग कमिटीला बोलवा. मी बसले आहे."

मी खुर्ची सोडली नाही. तेवढ्यात ती मुलगी जॅकेटची बटणं काढत म्हणाली, "सर, मीपण नाही घेत. आधी बघू या."

एकटी बाई हट्टी ठरवता येते. दोघी असल्या की जरा अवघड जातं. सर तणतणत आत गेले आणि रायफल घेऊन बाहेर आले. दाराबाहेर पडल्या पडल्या त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली. त्यांनी रायफल चटईवर ठेवली, खिशातून रुमाल काढला आणि काचा पुसल्या. मी वाकून नळीवर हात फिरवला. थंडगार होती, आणि माझं बोट ओलं झालं.

लॅबमध्ये बर्फाच्या भांड्याबाहेर पाणी का जमतं, हे मी पोरांना दर वर्षी दाखवते. इतके दिवस ते मला सुचलं नव्हतं.

"सर," मी म्हटलं, "चष्मा पुसलात. आतला ट्रिगर कोण पुसतो?"

ते रिकामी रायफल घेऊन चटईवर पालथे पडले. बोल्ट लावायचा, दस्ता टेकवायचा. दहा वेळा केलं. काही नाही.

"झालं समाधान?" सेक्रेटरी म्हणाले.

"नाही. अर्धा तास इथेच राहू द्या. चाचणीच्या दिवशी ती माझ्याकडे येईपर्यंत एवढा वेळ बाहेर होती."

तो अर्धा तास मला फार जड गेला. ऊन चढत होतं. दोन डंपर गेले, धूळ आली, रायफलीवर बसली. सेक्रेटरी घड्याळ बघत होते. मला वाटत होतं, पुन्हा काही झालं नाही तर? तरी मी सही करणार नव्हते, एवढं मात्र ठरलं होतं.

सर पुन्हा पालथे पडले. बोल्ट, दस्ता. बोल्ट, दस्ता. तिसऱ्या वेळी आतून ट्रिगर सुटल्याचा आवाज आला. टक्.

 सरांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. ते लाकडावर होतं. त्यांनी पुन्हा केलं. आणखी दोनदा काही नाही, मग परत टक्.

शस्त्रांच्या खोलीतल्या त्याच टेबलावर सरांनी रायफल उघडली. ट्रिगरच्या वर एक पोलादी कड असते, गोळीच्या बुडावर आपटणारा दांडा ती रोखून धरते. ट्रिगर दाबला की कड बाजूला होते. त्या कडेभोवती तपकिरी चिखल साचला होता, अगदी शेंगदाण्याच्या कुटासारखा. पावसाळ्याआधी सरांनीच काळजीपोटी आत भरपूर जाड तेल सोडलं होतं. थंड रायफल दमट हवेत आली की आत पाणी सुटायचं, तेलाला धूळ चिकटायची, आणि कड पुरती जागेवर परतायची नाही. केसाएवढ्या आधारावर लटकून राहायची, धक्का बसला की निसटायची. एसीच्या कोरड्या खोलीत ती शहाण्यासारखी वागत होती, यात आश्चर्य काहीच नव्हतं. तिथे कुणी शूटिंग करत नाही.

मला वाटलं होतं, आता कुणीतरी माफी मागेल. कुणी मागितली नाही. स्पर्धेची यादी आदल्याच दिवशी गेली होती, माझ्या नावाशिवाय. क्लबच्या नोंदवहीत लिहिलं गेलं, 'तांत्रिक कारणामुळे तपासणी.' मी वार्षिक सभेत उभी राहिले आणि म्हटलं, कारण लिहा. सेक्रेटरी म्हणाले, बसा. मी बसले नाही. "माझ्यावर निष्काळजीपणाचा शब्द टाइप करून आणलात, तेव्हा शाई होती. आता यंत्राचा दोष होता हे लिहायला का नाही?" ती मुलगी आणि आणखी पाच-सहा जण टाळ्या वाजवायला लागले. शेवटी लिहिलं. मी ते वाचून पाहिलं, मगच खुर्चीत टेकले.

आता क्लबच्या सहाही रायफलींचे ट्रिगर मी धुते. रॉकेलने धुवायचे, कोरडे करायचे, सुईच्या टोकावर मावेल तेवढंच पातळ तेल. रायफल पेटीत घालूनच खोलीबाहेर आणायची, बाहेरच्या हवेइतकी गरम होईपर्यंत पेटी उघडायची नाही, आणि पहिली तपासणी चटईवर, उघड्यावर, रिकामी. पुढच्या वर्षी मी राज्याला गेले. एकोणिसावी आले. मला ते पुरेसं नव्हतं, म्हणून अजून जाते.

सर गेल्या वर्षी गावी परतले. निघायच्या आधी रेंजवर भेटले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "म्याडम, खोटं कशाला बोलू, तुमचं बोट बाहेर होतं. मी बघितलं होतं चाचणीच्या दिवशी."

 "मग बोलला का नाहीत?"

"पोरांना आयुष्यभर सांगत आलो, हत्यार चुकत नाही. तेल मीच घातलेलं. काय बोलणार?"

जाऊ द्या सर, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मी तसं म्हटलं नाही. "तेव्हा बोलायला हवं होतं," एवढंच म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मी नमस्कार केला, जॅकेट घातलं आणि माझ्या लेनवर गेले.