दहाव्याला चालू ठेवलेला एसी

काकांच्या दहाव्याला आम्ही आंबिवलीजवळ नदीच्या घाटावर गेलो होतो. काकांना मूलबाळ नव्हतं. विधी खरं तर माझ्या थोरल्या चुलतभावाने करायचे, पण दादाला ऊन सोसत नाही. म्हणून पंचा मी नेसलो आणि तो आपल्या नव्या गाडीत बसून राहिला. डोंबिवलीहून येताना त्याने काकूला दोनदा सांगितलं होतं की, या गाडीत मागच्यांनाही वेगळा एसी आहे. काकू खिडकीबाहेर बघत होती.

घाटावर सावलीचं झाड एकच, पिंपळाचं. कावळे त्याच्यावर बसतात आणि पिंड समोरच्या कट्ट्यावर ठेवायचा असतो. दादाने गाडी नेमकी झाड आणि कट्टा यांच्या मधे लावली. इंजिन चालू, काचा बंद, एसी सोळावर.

पिंड ठेवून आम्ही मागे सरलो. एक कावळा खालच्या फांदीवर आला. तेवढ्यात गाडीचा पुढचा पंखा घोंगावला, गरम झोत कट्ट्यावर आला आणि कावळा वर गेला. आवाज उतरला की तो खाली यायचा, चढला की वर.

"काका, काकूची काळजी करू नका, आम्ही बघू," मी हात जोडून म्हणालो. कावळ्यासमोर असंच बोलायचं असतं.

दादाने बोटभर काच खाली केली. "मी पण आहे म्हणावं!" काच वर.

काकूचं लक्ष फक्त फांदीकडे. काका शेवटी व्हेंटिलेटरवर होते, जाताना तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. कावळा शिवला तर ते समाधानाने गेले, एवढंच तिला कळायला हवं होतं.

मी काचेवर टकटक केलं. "दादा, गाडी बंद कर. कावळा बुजतोय."

"बंद केली की भट्टी होते रे. परत गार करायला डबल डिझेल जातं."

गाडीबरोबर मिळणारं पुस्तक वाचणारा आमच्या घराण्यात मी एकटाच. सोळा लावल्याने गाडी लवकर गार होत नाही. गारवा कुठवर न्यायचा, एवढंच तो आकडा सांगतो. भर उन्हाळ्यात उभ्या गाडीला तिथवर पोचणंच जमत नाही, म्हणून कॉम्प्रेसरला उसंत नाही. तो इंजिनावर चालतो, इंजिन डिझेलवर. चोवीसवर निदान मधूनमधून थांबला असता. आणि जागेवर जाळलेल्या डिझेलचं ॲव्हरेज काढायचं, तर किलोमीटर आणायचे कुठून? पण ओल्या पंच्यात उभं राहून हे कुणाला समजावणार?

मग काकू स्वतः उठली. "अरे, जरा वेळ बंद ठेव ना रे. तुझ्या काकांसाठी."

"काकू, तुमच्यासाठीच तर गार करून ठेवलीय!"

शिसारी आली ती या वाक्याची. तो खोटं बोलत नव्हता.

पुढे त्याने गुरुजींनाच हाक मारली. "गुरुजी, ते दर्भाचं करून टाका ना. किती डिझेल जाळायचं?" गुरुजींनाही दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी गवताच्या काड्या वळून कावळा केला, मी तो पिंडाला लावला. दादाने काचेआडून अंगठा वर केला.

"चला काकू, बसा गाडीत."

"तू हो पुढे."

गाडी गेली. काकू कट्ट्यासमोरून हलली नाही.

"काकू, शिवला ना कावळा," मी म्हणालो.

"गवत शिवलं," ती म्हणाली, आणि रिक्षा बघायला निघालेल्या मला हात धरून खाली बसवलं.